पद्मिनीचा दरवाजा कापण्यापूर्वी
टेमघरातील एखाद्या मालकाने आपल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीला नवे स्पीकर बसविण्याचे मनात आणले, तर त्या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या कानांनी सुरेल आवाज मागावा, हे न्याय्यच होय. प्रश्न आहे तो पत्रा कापण्याचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट म्हणून निघू लागलेल्या या गाडीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली. ज्या वस्तूचा पुरवठा यापुढे वाढणे नाही, तिचे मूळ रूप हेच मालकाचे भांडवल. स्पीकर उद्या बदलता येतो; दरवाजाला पाडलेले भोक तसेच राहते आणि कोकणच्या पावसात तेथून गंज शिरतो. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातील गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी देऊ केली आहे. केवळ स्पीकरपायी ती नाकारली जाईल असे मानण्याचे कारण नाही; परंतु जाणकार ग्राहक सरकारहून कठोर असतो! आसनाखाली पट्ट्याने आवळलेली पेटी आणि बॅटरीपासून फ्यूजसह स्वतंत्र तार, एवढ्यावर काम भागते. 200 वॅट खाणारा अ‍ॅम्प्लिफायर मात्र 12 व्होल्टवर सुमारे 17 अँपिअर ओढतो. रात्री दिवे लागले असता जुन्या डायनॅमोला तो भार पेलणे कठीण.