टेबल चकाचक, नदी तेलकट

आमच्या कोल्हापुराला खाण्याचा भारी अभिमान. मिसळीचा कट असो की तांबडा रस्सा, वर तवंग दिसल्याशिवाय आमचं समाधान होत नाही. खावं, जरूर खावं. पण कढईला आणि ताटाला चिकटलेला तो तवंग पुढे जातो कुठे? मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात, आणि वाटेत कुणी अडवला नाही तर थेट पंचगंगेत.

नदीचा विषय निघाला की आपण कारखान्यांकडे बोट दाखवतो. त्यांचा दोष आहेच. पण मोठा चोर सापडला म्हणून धाकटा साव ठरत नाही.

हॉटेल चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी म्हणतो, "सर, आम्ही कढत पाणी नि साबण वापरतो, तेल शिल्लकच राहत नाही." अरे बाळा, तेल नाहीसं होत नाही, फक्त तुझ्या नजरेआड होतं! साबणाच्या कढत पाण्यात त्याचे बारीक कण होऊन ते वाहून जातं आणि पुढे पाइपात गार झालं की पुन्हा थिजतं. त्यावर भाताची शितं, भाजीचे तुकडे, कागदी रुमाल चिकटतात. लंडनच्या एका गटारात २०१७ साली असा २५० मीटर लांबीचा, सुमारे १३० टनांचा गोळा सापडला होता. आपली गटारं तर त्याहून कितीतरी अरुंद.

गटार तुंबलं की मैला उफाळून रस्त्यावर येतो नि तिथून पाण्याच्या वाटेला लागतो. २०१२ साली आपल्या खालच्या अंगाला, इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. ती कावीळ तेलाने नव्हे, दूषित पाण्याने झाली, हे मान्य. पण वरच्या गावाने गटारात काय सोडलं, याचा हिशेब खालच्या गावाला कसा द्यावा लागतो, ते तेव्हा दिसलं.

दुसरी सबब : "सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे की!" मंडळी, तिथे मैला खाऊन टाकतात ते जिवाणू, आणि त्यांना हवा लागते. तेलाचा थर चढला की त्यांचंही काम मंदावतं.

उपाय काही अवघड नाही. मोरीखाली तेल अडवणारी टाकी बसवायची, तिला ग्रीस ट्रॅप म्हणतात. पाणी तिच्यात संथ होतं, तेल वर तरंगतं, गाळ तळाला बसतो, मधलं पाणी पुढे जातं. चौथा हिस्सा भरला की उपसायची. नाहीतर ती फक्त तपासनिसाला दाखवायची वस्तू! आमच्या लहानपणी खरकटं म्हशीच्या आंबोणात जाई आणि तेलकट भांडं आधी राखेने पुसलं जाई. आज राख नको, पण धुण्याआधी खरवडून पुसून घ्यायला काय हरकत आहे? तळणाचं जुनं तेल तर मोरीत ओतूच नये. बायोडिझेलसाठी ते गोळा करण्याची योजना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्येच सुरू केली आहे.

कायदाही आहे. सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम आणि नदीत सोडायच्या पाण्यात १० मिलिग्रॅम, याहून जास्त तेल असू नये असं केंद्राचं मानक सांगतं. मग चालू टाकी आणि ती उपसल्याची नोंदवही दाखवल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण करूच नये, ही माझी मागणी आहे. खर्च वाढेल म्हणता? प्लेटमागे रुपया वाढवा, आम्ही देऊ. आज तो खर्च वाचत नाही, खालच्या गावच्या आजारपणात भरला जातो.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? रश्श्याची चव विचारतो, तसं एकदा मालकाला विचारावं, "तुमच्या मोरीचं पाणी जातं कुठे?" दहा जणांनी विचारलं तर अकराव्याच्या आत टाकी बसेल. समोरचं टेबल पुसून घाण दुसऱ्याच्या घागरीत ढकलणं, याला स्वच्छता म्हणत नाहीत.