राष्ट्रपतिपद आणि स्वतंत्रतावाद

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत हिंगोली जिल्ह्यातील सामान्य नागरिकाला मत नाही. त्याच्या वतीने हिंगोली, कळमनुरी व वसमत या मतदारसंघांचे आमदार मत देतात. १९७१ च्या जनगणनेवर आधारलेल्या गणिताने महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५ ठरले आहे. म्हणजे तिघांचे मिळून ५२५. वाटा एवढा अल्प असल्यामुळे राष्ट्रपती कोणत्या विचारांचा असावा, या प्रश्नाविषयी येथील सुशिक्षित वर्ग उदासीन राहिला तर नवल नाही. परंतु राष्ट्रपतीच्या एका स्वाक्षरीने शेतकऱ्याचा बाजार बदलू शकतो, हे ध्यानी घेतले म्हणजे ही उदासीनता परवडणारी नाही, असेच म्हणावे लागते.

सरकारने नागरिकाच्या व्यवहारात शक्य तितका कमी हात घालावा, हे स्वतंत्रतावादाचे सार. मराठवाड्यात हा विचार ग्रंथांतून आला नाही. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि स्वतःचा कापूस इच्छेप्रमाणे विकण्याची शेतकऱ्याची मुभा गेली. त्या अनुभवामुळे शरद जोशी यांचे म्हणणे त्याला पटले. जोशी यांनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला आणि २००४ ते २०१० या काळात ते राज्यसभेत होते. अशा विचाराचा माणूस राष्ट्रपती झाला तर? सरकारकडे संशयाने पाहणारा माणूस डोळे मिटून सही करणार नाही, असे समर्थक म्हणतील. लोककल्याणाच्या प्रत्येक कायद्यात तो खोडा घालील, असे विरोधक म्हणतील.

या वादाला १९६९ ची निवडणूक चांगला प्रकाश देते. त्या वर्षी १९ जुलै रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण वटहुकमाने झाले. संसदेचे अधिवेशन अवघ्या दोन दिवसांवर आले होते. तरीही हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी वटहुकमावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन ते स्वतः राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरले. राजाजींच्या प्रेरणेने १९५९ मध्ये स्थापन झालेल्या, परवाना-राज्याच्या कट्टर विरोधक असलेल्या स्वतंत्र पक्षाने जनसंघासह चिंतामणराव देशमुख यांना पाठिंबा दिला. गंमत अशी की, याच देशमुखांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात, १९ जानेवारी १९५६ रोजी, आयुर्विमा कंपन्यांचे व्यवस्थापन वटहुकमानेच सरकारच्या ताब्यात गेले होते! म्हणजे स्वतंत्रतावाद्यांनाही या पदासाठी आपल्या मताचा माणूस अत्यावश्यक वाटला नाही. देशमुख हरले, गिरी निवडून आले.

त्यांचे हे गणित चुकीचे होते काय? तसे दिसत नाही. राष्ट्रपती अर्थनीती ठरवीत नाही. मंत्रिमंडळाचा सल्ला त्याच्यावर बंधनकारक आहे. तथापि १९७८ च्या घटनादुरुस्तीने तो सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकार त्याला दिला. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू करण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी याच अधिकारात परत पाठविली. नारायणन काही मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते नव्हते. सत्तेला प्रश्न विचारण्याचे धैर्य कोणत्याही एका अर्थविचाराची मिरासदारी नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

स्वतंत्रतावाद्याची खरी कसोटी २०२० साली लागली असती. ५ जून रोजी शेतमालाच्या व्यापाराविषयीचे तीन वटहुकूम निघाले. वसमतचा हळद उत्पादक बाजार समितीच्या आवाराबाहेर बाजारशुल्क न देता माल विकू शकेल, अशी तरतूद त्यांत होती. शेतकरी संघटनेने अनेक वर्षे केलेली मागणीच जणू मान्य झाली होती. महामारीमुळे संसद स्थगित होती, हेही खरे. परंतु अध्यादेशासाठी राज्यघटनेला तातडीची परिस्थिती अभिप्रेत आहे. अनेक दशके चालत आलेली बाजारव्यवस्था बदलण्याची तातडी नेमकी त्याच महिन्यात कशी उद्भवली, हा प्रश्न विचारण्याजोगा होता. वटहुकमांचे पुढे कायदे झाले, आंदोलन पेटले, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात ते कायदे रद्द करण्यात आले. बाजार खुला करण्याचा जो विचार चर्चेने कदाचित रुजला असता, तो घाईने बदनाम झाला. यात हानी झाली ती शेतकऱ्याचीच.

तेव्हा स्वतंत्रतावादी माणूस चांगला राष्ट्रपती होऊ शकेल काय, याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र एका अटीवर. बँका ताब्यात घेणाऱ्या वटहुकमाला जो प्रश्न तो विचारील, तोच प्रश्न त्याने बाजार मोकळा करणाऱ्या वटहुकमालाही विचारला पाहिजे. नावडत्या कागदावर सही करताना कोणाचाही हात अडखळतो. आवडता कागद समोर आला असताना ज्याचा हात क्षणभर थांबतो, तोच त्या आसनाला शोभतो.