माडाची हौस असेल तर पाल्मेटो लावा

टेक्ससमध्ये घर घेतलेल्या आपल्या माणसाला अंगणात माडासारखं काहीतरी हवंच असतं. माड इथल्या थंडीत टिकत नाही, मग नर्सरीतून क्वीन पाम येतो. ऑस्टिनला आम्हीही तेच केलं. झाड छान वर गेलं. आई इकडे आली की त्याच्याच सावलीत खुर्ची टाकून बसायची.

फेब्रुवारी २०२१ मध्ये थंडीची लाट आली. डॅलसला पारा उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरला, आमच्याकडेही कित्येक दिवस शून्याच्या वर आला नाही. मार्चमध्ये मी क्वीन पामचा मधला कोंब जरासा ओढला, तर तो अलगद हातात आला. बुडाशी काळा पडलेला, आंबूस वासाचा. कोंब गेला की झाड गेलं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. शेजारच्या ओकखाली मात्र पंख्यासारख्या पानांचं एक बुटकं झुडूप हिरवंगार उभं होतं. ते ड्वार्फ पाल्मेटो, शास्त्रीय नाव साबल मायनर.

हा पाम मूळचा इथलाच. उत्तर कॅरोलायनापासून फ्लोरिडा, लुइझियाना, टेक्ससपर्यंत ओढ्याकाठच्या दलदलीत तो आपोआप वाढतो. गोन्झालेसजवळच्या पाल्मेटो स्टेट पार्कला नाव त्याच्यावरूनच पडलं; ऑस्टिनहून तासाभराची वाट आहे, एकदा मुलांना घेऊन जाऊन या. त्याचं खोड बहुधा जमिनीखालीच राहतं. वाढीचा कोंब मातीच्या पांघरुणात असल्यामुळे वरची पानं करपली तरी खालून नवं पान येतं. त्याच्या चिवटपणाचं मुख्य कारण हेच. उंची साधारण कमरेपासून माणसाच्या डोक्यापर्यंत, त्यामुळे खिडकी झाकत नाही आणि विजेच्या तारांनाही लागत नाही.

विकत घेताना पानाच्या देठाच्या कडेवरून बोट हळूच फिरवा. कड गुळगुळीत लागली पाहिजे. करवतीसारखे दात लागले तर ते सॉ पाल्मेटो किंवा दुसरं काही आहे. रोप कुंडीतलंच घ्या, छोटं असलं तरी चालेल. रानातून उपटून आणू नका. त्याचं खोड जमिनीत वाकडं खोल गेलेलं असतं, ते धड निघत नाही, आणि रानातलं एक जुनं झाड मात्र हकनाक मरतं.

लावायचं एप्रिल-मेमध्ये, कारण पामची मुळं ऊबदार मातीतच हलतात. इथली काळी माती आपल्या देशावरच्या मातीसारखीच आहे: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाल्मेटोला ती चालते, पाणी साचलेलं चालतं, ओकची दाट सावलीही चालते. खड्डा कुंडीइतकाच खोल घ्या आणि निघालेली मातीच परत भरा. कुंडीत होतं त्याहून खोल गाडू नका, गड्डा कुजेल. भोवती आळं करून पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण ते कोंबाला चिकटवू नका. पहिले दोन उन्हाळे पाणी नेमाने द्या. नंतर ते आपलं आपण बघतं. पसाऱ्यासाठी भिंतीपासून तीन-चार फूट जागा सोडा.

कात्री मात्र आवरा. जुनं पान पिवळं दिसलं की हात शिवशिवतात, पण पाम त्या पानातलं पोटॅश ओढून नव्या पानाला देत असतो. पूर्ण वाळून तपकिरी झालं की मगच कापा.

वाढ फार सावकाश असते. पहिली दोन-तीन वर्षं रोप जागच्या जागी थिजल्यासारखं दिसेल. उपटू नका, ते खाली मूळ धरत असतं. जमलं की उन्हाळ्यात पानांच्या वर लांब दांडे येतात, त्यांवर बारीक पांढरी फुलं, फुलांवर मधमाश्या, आणि पुढे काळी फळं खायला पक्षी. माडाची उंची त्याला नाही, शहाळीही मिळणार नाहीत. पण पावसाची सर आली की त्या पंख्यांवर जो आवाज होतो, तो ऐकून माझी आई हातातलं काम थांबवते.

तुमचा क्वीन पाम त्या थंडीत गेला असेल आणि त्याची जागा अजून मोकळी असेल, तर येत्या मे महिन्यात तिथे एक पाल्मेटो लावा.