धाप लागलेल्या रुग्णाची रक्ततपासणी तालुक्यातच व्हावी

१. धाप लागलेला माणूस दवाखान्यात आला की पहिला संशय दम्यावर जातो. वाफ देतात, पंप लिहून देतात. पण हृदय कमजोर झालं तरी अशीच धाप लागते. तिथे पंपाने भागत नाही, अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढावं लागतं. कारण हृदयाचं आहे का, हे ठरवायला मदत करणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात मोफत झाली पाहिजे.

२. ही मागणी अवाजवी नाही. हृदयाचा कप्पा ताणला गेला की त्याचे स्नायू बीएनपी हे संप्रेरक आणि त्याच्यासोबतच तयार होणारा एनटी-प्रोबीएनपी हा तुकडा रक्तात सोडतात. जपानी संशोधकांनी बीएनपी १९८८ मध्ये शोधलं. २००२ मध्ये १,५८६ रुग्णांच्या अभ्यासाने तातडीच्या विभागात त्याचा उपयोग दाखवून दिला. अचानक धाप लागलेल्या रुग्णात एनटी-प्रोबीएनपी दर मिलिलिटरला ३०० पिकोग्रॅमच्या खाली असेल, तर हृदय निकामी होत असल्याची शक्यता फार कमी. तेवढ्यानेही जिल्ह्याच्या गावापर्यंतची एखादी फेरी वाचेल.

३. मात्र रिपोर्ट हातात आला की रुग्णाकडे बघणंच थांबतं, आणि मला खरी भीती त्याची वाटते. स्थूल माणसात हा आकडा मुळात कमी येतो. किडनीचा आजार, उतारवय, अनियमित ठोके यांमुळे तो वाढतो. सारख्याच आकड्याचे दोन रुग्ण घ्या: एक बाजारहाट करून येतो, दुसऱ्याला न्हाणीघरापर्यंत जातानाही बसावं लागतं. स्थूल बाईचा आकडा मर्यादेत आला म्हणून तिला ‘घाबरू नका, काही नाही’ म्हणत घरी पाठवणं धोक्याचं आहे. तिच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहा. खळगा तसाच राहिला, तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, व्हायलाच हवा.

४. म्हणून केसपेपरवर आकड्याशेजारी चार नोंदी सक्तीच्या करा: किती चाललं की दम लागतो, झोपताना किती उशा लागतात, रात्री गुदमरून जाग येते का, आठवड्यात वजन किती वाढलं. सिस्टरताई दोन मिनिटांत हे विचारू शकतात. त्रासाच्या चार पायऱ्या ठरवून देणारं न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनचं वर्गीकरण तर १९२८ पासून आहे.

५. तपासणी दर महिन्याला करा, असं मी म्हणत नाही. आकडा खाली आणण्याच्या लक्ष्यावर औषधं वाढवत नेल्याने नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा होत नाही, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गाइड-आयटी’ चाचणीत दिसलं. निदानाच्या वेळी एकदा, आणि तब्येत बिघडली तर पुन्हा, एवढं बहुतेकांना पुरेल. वाचलेले पैसे इकोसाठी आणि रुग्णाला घरी द्यायच्या वजनकाट्यासाठी वापरा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर डॉक्टरांना कळवायचं, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत आणि फोन नंबरसह छापा.