तिला सब्र शिकवण्याआधी

मागच्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना. म्हणाली, "बाजी, रात्रभर झोप लागत नाही. बाळ हललं नाही की छाती धडधडते. मी यातून वाचेन ना?" शेजारी बसलेल्या तिच्या खाला लगेच म्हणाल्या, "नमाज पढ, सब्र कर. आमची सहा-सहा झाली, आम्ही असले नखरे केले नाहीत." मुलगी गप्प झाली. मीही गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

गरोदर बाई घाबरली की तिचं ईमान कमजोर, हा निकाल आपण कुठून आणला? सूरह मरियम आपण तिलावत करतो, पण समजून वाचतो का? प्रसूतीच्या कळांनी हैराण झालेल्या हजरत मरियम खजुराच्या झाडाचा आधार घेतात आणि याआधीच मेले असते तर बरं झालं असतं, असं बोलून जातात. त्यावर त्यांना कोणी दटावत नाही. त्यांना मिळतो दिलासा, पायाशी वाहणारं पाणी आणि ताजी खजूर. मरियमसारख्या बीबीला जे बोलण्याची मुभा होती, ती आपल्या सुनेला नाही?

आणि ही भीती काही आकाशातून पडत नाही. तिची कारणं बहुतेक वेळा घरातच असतात.

आधी गर्भ गेलेला असेल तर पुढच्या गरोदरपणात जीव टांगणीला लागतो. हे मी स्वतः भोगलं आहे. माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी मी रात्री उठून पोटावर हात ठेवून बसायची. "गेलं ते विसर" असं सगळे म्हणाले. काय वाटतं, हे कोणी विचारलं नाही. आपल्या पैगंबरांचा (स.) लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा ते रडले होते. रडणं सब्रच्या विरुद्ध नाही, हे आपण केव्हा शिकणार?

दुसरं कारण, मुलाची अपेक्षा. "या वेळी मुलगाच होऊ दे" ही दुआ सासरचे तिच्यासमोर मोठ्याने मागतात. मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजावर ठरतं, हे नववी-दहावीचं विज्ञान. पण धाकात राहते ती आई.

तिसरं, एकटेपण. कोकणात कितीतरी घरांत नवरा आखातात नोकरीला असतो. फोनवर तो खुशाली विचारतो. सासू जवळ बसलेली असताना ती काय सांगणार? त्यात पैशाची ओढ, कुठे मारहाण, कुठे टोमणे.

चौथं, भीतीचा बाजार. शेजारणी मेलेल्या बाळंतिणींच्या गोष्टी सांगतात. ग्रहणात सुरी धरू नको, बाळाचा ओठ फाटेल, असं बजावतात. इब्राहीम गेले त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं होतं. ग्रहण कुणाच्या जन्ममृत्यूमुळे लागत नाही, हे पैगंबरांनी (स.) तेव्हाच सांगितलं. चौदाशे वर्षांनंतरही आपण सुरी लपवतो आहोत!

कोणी म्हणेल, मग काय नमाज-दुआ सोडायची? मुळीच नाही. दुआने मला स्वतःला आधार दिला आहे. पण रक्त कमी असलं तर आपण दुआही करतो आणि लोहाच्या गोळ्याही देतो. मनाच्या बाबतीतच गोळी हराम कशी होते? गरोदर बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर रोजा न ठेवण्याची सवलत आहे. शरीअत तिची भीती ऐकून घेते. ऐकत नाही ते आपण.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे १० टक्के गरोदर स्त्रियांना मानसिक आजार होतो. विकसनशील देशांत हे प्रमाण १५.६ टक्के आहे. म्हणजे साधारण सहा-सात जणींत एक. ही सगळी कमजोर ईमानाची माणसं?

थोडी काळजी सगळ्यांनाच असते. पण दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, सतत धडधड, रडू, मरणाचे विचार, असं असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. तपासणीला गेल्यावर वजन आणि रक्तदाब बघतात, मनाचं बहुतेक कोणी विचारत नाही. आपण स्वतःहून बोलावं. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरावर आहे. समुपदेशनाने फरक पडतो. गरज पडली तर गरोदरपणात चालणारी औषधंही डॉक्टर देतात. ती मनाने सुरू करू नयेत, मनाने बंदही करू नयेत.

त्या मुलीच्या घरी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. काही शिकवलं नाही. दार लोटून तासभर तिचं ऐकलं. निघताना खालांना एवढंच म्हणाले, "सब्र आपण करू या, खाला. तिला बोलू द्या."