शिलाई संपली, जबाबदारी उरली

लग्नसराईत हौसेने शिवलेला सूट वर्षभराने कपाटातून बाहेर निघतो, तेव्हा अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. कोटाच्या छातीवर फुगे आलेले असतात. खांद्यांवर हँगरची टोके उठलेली असतात. कॉलरखाली पांढरट बुरशी धरलेली असते, तर बाहीवर कुठेतरी कसरीने भोक पाडलेले असते. ग्राहक याचा दोष शिंप्याला देतो. "मास्टरने काम बरोबर केले नाही" असे तो चार लोकांत सांगतो आणि पुढच्या वेळी सरळ मॉलमध्ये जाऊन तयार सूट विकत घेतो.

यातल्या बहुतेक प्रकरणांत शिलाईचा काही दोष नसतो. सूट नीट ठेवला गेला नाही म्हणून बिघडलेला असतो. पण तो कसा ठेवायचा हे ग्राहकाला सांगितले कोणी? आपण माप घेतो, ट्रायल देतो, उरलेले पैसे घेतो आणि प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून सूट त्याच्या हाती देतो. आमचे स्पष्ट मत असे आहे की सूट जपण्याची माहिती देणे हा शिलाईच्याच कामाचा भाग आहे. शिलाईच्या धंद्यात आपल्या समाजाचे हजारो कारागीर आहेत आणि तयार कपड्यांच्या स्पर्धेत त्यांची रोजी पणाला लागली आहे. म्हणून या प्रश्नाकडे केवळ घरगुती बाब म्हणून पाहून चालणार नाही.

आत काय आहे ते सांगा

पहिली गोष्ट सचोटीची. कोटाच्या छातीचा आकार आतल्या थरावर टिकतो. जुन्या पद्धतीत लोकर, सूत आणि घोड्याचे केस यांपासून विणलेला कॅनव्हास कच्च्या टाक्यांनी बसवला जातो. तो कापडाबरोबर हलतो आणि वापरणाऱ्याच्या अंगाचा आकार घेतो. दुसऱ्या पद्धतीत गोंदाचा थर असलेले बकरम उष्णतेने कापडाला चिकटवतात. याला फ्यूजिंग म्हणतात. यात वेळ वाचतो, मजुरी वाचते आणि चांगल्या मशीनवर नीट केले तर कामही टिकते. मात्र इस्त्री जास्त तापली किंवा ड्रायक्लीनमध्ये हलगर्जी झाली की हा गोंद सुटतो आणि छातीवर फुगे येतात. एकदा आलेले फुगे पूर्वीसारखे बसवता येत नाहीत.

कोटाचे पुढचे कापड आणि आतले अस्तर चिमटीत धरून अलग ओढले की बहुधा फरक कळतो. मध्ये तिसरा थर मोकळा हलत असेल तर कॅनव्हास आहे. तो कापडालाच चिकटलेला असेल तर फ्यूजिंग आहे. फ्यूजिंग करणे हा गुन्हा नाही. फ्यूजिंग करून कॅनव्हासचे पैसे घेणे हा गुन्हा आहे, आणि फ्यूजिंग केले हे न सांगणेही योग्य नाही.

इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगितला जातो. एका कापडात दोष होता आणि तो ग्राहकाला सांगूनच विका, असे त्यांनी भागीदाराला बजावले होते. भागीदार विसरला, ग्राहकही सापडेना. तेव्हा इमामांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका करून टाकली. आपण त्यांचे नाव आदराने घेतो. मग सूट देताना "हा चिकटवलेला आहे, इस्त्री बेताची ठेवा" एवढे एक वाक्य बोलायला जड का जावे?

इस्त्री आणि विश्रांती

लोकरीचा तंतू लवचिक असतो. तो दिवसभर ताणला, दबला तरी मोकळा टांगल्यावर पुष्कळसा मूळ जागी येतो. त्यासाठी त्याला वेळ हवा. एकच सूट रोज अंगावर चढवला तर कोपर आणि गुडघे लवकर सैल पडतात. एकदा घातल्यावर निदान एक दिवस तो उघड्यावर टांगावा, खिसे रिकामे करावेत आणि मऊ ब्रशने धूळ वरून खाली झाडावी. एवढे केले तरी ड्रायक्लीनच्या अर्ध्या खेपा वाचतात.

इस्त्रीने जितके सूट बिघडतात तितके वापराने बिघडत नाहीत. इस्त्रीवरच्या ठिपक्यांना अर्थ आहे. एक ठिपका म्हणजे 110 अंश सेल्सिअसपर्यंत, दोन म्हणजे 150 आणि तीन म्हणजे 200. तीन ठिपक्यांची उष्णता सुती कापडाला चालते. लोकर आणि टेरीवूल दोन ठिपक्यांच्या वर नेऊ नये, आणि तेही वर ओलसर मलमल ठेवूनच. उघडी इस्त्री थेट फिरवली की तंतू चपटे होतात आणि कापडाला तेलकट चकाकी येते. गल्लीतला इस्त्रीवाला दिवसभर सुती शर्ट आणि साड्या करतो. त्याच्याकडे सूट द्यायचा असेल तर ही गोष्ट त्याला आठवणीने सांगावी लागते.

कापडावरच्या आकड्यांचाही उलगडा ग्राहकाला करून द्यावा. सुपर 100, सुपर 120 हे आकडे तंतू किती बारीक आहे ते सांगतात. सुपर 100 मध्ये तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन असते, सुपर 120 मध्ये 17.75 आणि सुपर 150 मध्ये 16.25. आकडा वाढला की कापड मऊ आणि महाग होते, पण नाजूकही होते. रोज स्कूटरवरून दुकानात जाणाऱ्या माणसाला सुपर 150 गळ्यात मारणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय.

ड्रायक्लीन बेतानेच

दर वापरानंतर सूट ड्रायक्लीनला टाकण्याची सवय अनेकांना आहे. द्रावकाने मळ जातो, पण प्रत्येक धुलाईत कापडाचा जीवही थोडा कमी होतो. डाग पडला नसेल तर हंगामात एकदा, फार तर दोनदा पुरे. कोट आणि पॅन्ट नेहमी एकत्र द्यावी, नाहीतर काही धुलाईंनंतर दोघांचा रंग वेगळा दिसू लागतो. डाग कशाचा आहे, चहाचा की तेलाचा, हे दुकानदाराला आधीच सांगावे.

पर्क नावाचे द्रावक या धंद्यात दीर्घकाळ वापरले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग होण्याचा संभव असलेल्या पदार्थांत धरले आहे. अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये ड्रायक्लीनिंगमधून ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. ड्रायक्लीनिंगच्या दुकानांत काम करणाऱ्या आपल्या मुलांनी खेळती हवा आणि हातमोजे यांकडे दुर्लक्ष करू नये. ग्राहकानेही धुऊन आलेला सूट प्लॅस्टिकमधून काढून काही तास वाऱ्यावर ठेवावा, मगच कपाटात लावावा.

पावसाळा, कसर आणि डांबराच्या गोळ्या

सुटाविषयीचे बरेचसे सल्ले थंड, कोरड्या देशांतून आलेले आहेत. मुंबई, रायगड, रत्नागिरीच्या जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या हवेला ते पुरत नाहीत. हवेतला दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला वाव मिळतो, आणि आपल्या किनाऱ्यावर तो आठवडेच्या आठवडे त्याहून वर असतो. अशा हवेत प्लॅस्टिकच्या कव्हरात सूट बंद करणे म्हणजे ओल आत कोंडणे. कव्हर सुती हवे. जुन्या स्वच्छ चादरीचे शिवले तरी चालते. कपाट बाथरूमच्या किंवा पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला टेकवू नये. इस्त्रीहून आलेला गरम सूट लगेच आत ठेवू नये, त्याची वाफ जाऊ द्यावी. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा कपाट उघडून सूट सावलीत, वाऱ्यावर टांगावा.

कसर कापड खाते ती उडणाऱ्या पतंगाच्या रूपात नव्हे, तर त्याच्या अळीच्या रूपात. तिला लोकर, रेशीम, केस यांतले सत्त्व हवे असते. घाम आणि अन्नाचे डाग असलेली जागा ती आधी धरते. वलीम्यात बिर्याणीचा शिंतोडा पडलेला कोट तसाच ठेवला, तर भोक बहुधा तिथेच पडते. म्हणून दीर्घकाळ ठेवण्यापूर्वी सूट स्वच्छ करणे हाच खरा उपाय आहे. कॉलर आणि खिशाच्या झडपेखालीही ब्रश फिरवावा, कारण अळीला अंधार आवडतो.

डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नयेत, पातळ कापडात बांधून अंतरावर टांगाव्यात. बाळाच्या कपड्यांच्या कपाटात तर त्या मुळीच ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तात एक घटक जन्मतः कमी असतो. अशा बाळांच्या रक्तपेशी या वासाने फुटतात आणि त्यांना तीव्र कावीळ होऊ शकते. कडुलिंबाचा वाळलेला पाला हा जुना उपाय निरुपद्रवी आहे, परंतु स्वच्छतेची जागा तो घेऊ शकत नाही.

हँगर खांद्याएवढा रुंद आणि जाड हवा. तारेच्या हँगरने खांदा मोडतो. पॅन्ट घडीवर घडी जुळवून, मोहरीकडून उलटी टांगावी. कोटाच्या मागच्या चिरेवरचा कच्चा टाका पहिल्या वापरापूर्वी काढायचा असतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. शेरवानीची गोष्ट आणखी वेगळी आहे. जरकाम जड असेल तर ती टांगून ठेवल्याने खांदे ओढले जातात. ती मलमलीत गुंडाळून आडवी ठेवावी आणि घडीत जरीवर जरी घासू देऊ नये. अत्तर अंगाला लावावे, ते सुकल्यावर शेरवानी चढवावी. जरीवर पडलेल्या अत्तराने ती काळवंडते आणि कापडावर पडलेला तेलाचा डाग सहजी निघत नाही.

मग आमचा धंदा कसा चालणार?

काही कारागीर बंधू विचारतील, सूट दहा वर्षे टिकला तर दुसरा कोण शिवेल? प्रश्न रास्त आहे. पण तीन वर्षांत खराब झालेला सूट ग्राहकाला आपल्याकडे परत आणतो का? तो त्याला तयार कपड्यांच्या दुकानात नेतो. टिकलेला सूट मात्र आपल्या दुकानाचे नाव घरोघर नेतो. भावाचे लग्न निघाले की तो ग्राहक भावालाही घेऊन येतो.

शिवाय टिकणाऱ्या सुटाला दुरुस्ती लागते आणि दुरुस्ती हे उत्पन्न आहे. कमर सैल करणे, बाही लांब करणे, अस्तर बदलणे, रफू करणे ही कामे तयार कपड्यांची दुकाने सहसा करत नाहीत. ती आपल्या हातात आहेत. त्यासाठी कापतानाच शिवणीच्या आत जादा कापड ठेवावे लागते. पॅन्टच्या मागच्या शिवणीत आणि कोटाच्या बाजूला ते राहिले, तर माणसाचे वजन वाढले तरी सूट बाद होत नाही. कापड वाचवण्यासाठी शिवण कातरणारा कारागीर आपलीच पुढची कमाई कातरत असतो. उत्तर प्रदेशातील नजीबाबादचे रफूगर पिढ्यान्‌पिढ्या याच हुनरावर जगत आले आहेत. दुरुस्तीला हलके काम समजू नये. प्रेषित मुहम्मद (स.) आपले कपडे स्वतः सांधत असत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे.

जबाबदारीचा एक मुद्दा राहतो. "माल खराब झाल्यास आम्ही जबाबदार नाही" असे पावतीवर छापण्याची पद्धत पडली आहे. फिकहमध्ये शिंपी, रंगारी, धोबी अशा अनेकांचे काम घेणाऱ्या कारागिराला अजीरे मुश्तरक म्हणतात. त्याची चूक नसताना माल गेला तर भरपाई द्यावी का, यावर इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य अबू यूसुफ व मुहम्मद यांच्यात मतभेद आहे. इमाम नाही म्हणतात. शिष्य मात्र टाळता न येणारी आपत्ती वगळता भरपाई द्यावी असे म्हणतात. परंतु कारागिराच्या स्वतःच्या कामाने कापड बिघडले तर ते भरून द्यावे, यावर तिघांचे एकमत आहे. देशाच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतील उणिवेची दाद मागता येते. पावतीवरची एक ओळ छापून कारागिराने ही अमानत झटकू नये.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक दुकानाने एक लहान चिठ्ठी छापावी, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू. त्यावर कापड कोणते, आत कॅनव्हास की फ्यूजिंग, इस्त्रीचे ठिपके किती, ड्रायक्लीन कधी, पावसाळ्यात सूट कसा ठेवावा आणि दुरुस्तीसाठी आत किती कापड ठेवले आहे, एवढे लिहावे. खाली दुकानाचा शिक्का आणि मापवहीतला क्रमांक असावा. सूट देताना ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी आणि दोन मिनिटे समजावून सांगावी. एकेका मोहल्ल्यातल्या दुकानदारांनी मिळून चिठ्ठी छापली तर खर्च किरकोळ येईल. येत्या लग्नसराईपूर्वी हे काम सहज होण्यासारखे आहे. कारागीर बंधूंनी त्याचा जरूर विचार करावा.