मुक्या जिवाचा विमा

शहरांतील मध्यमवर्गीय घरात कुत्रा आता केवळ दारातला राखणदार राहिलेला नाही. तो उंबरठा ओलांडून आत आला आणि कुटुंबाचा घटक बनला. तो आजारी पडला की ‘होईल आपोआप बरा’ असे म्हणून स्वस्थ बसणे कोणालाच रुचत नाही. परंतु माया वाढली तशी मिळकत वाढलेली नाही. शस्त्रक्रियेच्या खर्चाचा आकडा ऐकताच शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरचे अंदाजपत्रक कोलमडते. या भीतीवरचा उतारा म्हणून आता श्वानविमा पुढे केला जात आहे. तो घ्यावा की नाही, याचा निर्णय मात्र मायेपोटी नव्हे, तर हिशेब मांडूनच करावयास हवा.

कल्पना नवी नाही. स्वीडनमध्ये १९२४ साली, तर ब्रिटनमध्ये १९४७ साली कुत्र्याचा विमा उतरविला गेला. अमेरिकेत १९८२ साली पहिले विमापत्र चित्रवाणीवर गाजलेल्या ‘लॅसी’ला मिळाले. ब्रिटनमधील विमा कंपन्यांनी २०२३ या एका वर्षात पाळीव प्राण्यांच्या दाव्यांपोटी एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम दिली. आणि त्याच वर्षी तेथील स्पर्धा-नियामकाला पशुवैद्यकीय सेवेच्या वाढत्या दरांची तपासणी हाती घ्यावी लागली. विमा रुजला म्हणून उपचार स्वस्त होतात असे नव्हे, हा धडा त्यातून घेण्याजोगा आहे. आपल्याकडे सरकारी कंपन्यांची श्वानविमापत्रे होती, पण ती गुराढोरांच्या विम्याच्या धर्तीची, म्हणजे मुख्यतः मृत्यूची भरपाई देणारी. उपचारांचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च देऊ करणारी खासगी विमापत्रे प्रामुख्याने २०२० नंतर आली.

या विमापत्रांत काय मिळते यापेक्षा काय मिळत नाही, हे आधी वाचले पाहिजे. वार्षिक लसी, जंतांची औषधे, निर्बीजीकरण, दातांची निगा हा दरवर्षीचा ठरलेला खर्च सामान्यतः मालकाच्याच माथी राहतो. विमा घेण्यापूर्वी जडलेला आजार वगळला जातो. पहिल्या काही दिवसांत उद्भवलेल्या आजाराचा दावा मान्य होत नाही. पार्व्हो किंवा डिस्टेंपरसारख्या रोगांवरील लस वेळेवर टोचलेली नसेल, तर त्या रोगाची भरपाई नाकारली जाते. शिवाय वयाची अट आहेच. कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार, सांध्यांची दुखणी ही बहुधा उतारवयात गाठतात. आणि नेमक्या त्याच वयात विम्याचे दार बंद होऊ लागते.

आता हिशेब. केवळ उदाहरणादाखल समजा, वार्षिक हप्ता ४,००० रुपये आहे आणि प्रत्येक दाव्याचा एक दशांश भार विमेदाराने सोसावयाचा आहे. दहा वर्षांत ४०,००० रुपये भरले आणि त्या काळात ३०,००० रुपयांची एकच शस्त्रक्रिया करावी लागली, तर २७,००० रुपये परत मिळतील. म्हणजे विम्यापायी १३,००० रुपये अधिक गेले. तेच पैसे आवर्ती ठेवीत टाकले असते, तर शस्त्रक्रिया भागून १०,००० रुपये आणि वर व्याज शिल्लक राहिले असते. परंतु हाच अपघात दुसऱ्या वर्षी घडला तर? ठेवीत जेमतेम ८,००० रुपये असतील, आणि विमेदाराच्या हाती मात्र २७,००० रुपये पडतील. तात्पर्य, विमा हा बचतीचा मार्ग नव्हे. बचत साठेपर्यंतचा तो आडोसा आहे. अडीअडचणीला तीस-चाळीस हजार रुपये कर्जाविना उभे करू शकणाऱ्या कुटुंबाला त्याची फारशी गरज नाही. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी कुत्रा लहान व निरोगी असतानाच विमा घ्यावा, सोबत दरमहा थोडी ठेव करावी, आणि ती पुरेशी झाली की विम्याचा फेरविचार करावा.

एका तरतुदीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. कुत्रा कोणाला चावला, तर त्या व्यक्तीला द्यावी लागणारी भरपाई काही विमापत्रे उचलतात. इमारतींतून आणि चाळींतून राहणाऱ्यांना हे संरक्षण मोलाचे आहे. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार निष्काळजी मालकाला होणारी शिक्षा कोणताही विमा चुकवू शकत नाही. साखळी मालकाच्याच हाती राहावयास हवी.

सारा भार व्यक्तीवर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. माणसांच्या आरोग्यविम्यासाठी विमा नियामकाने २०२० साली ‘आरोग्य संजीवनी’ हे एकसारख्या अटींचे विमापत्र सर्व कंपन्यांना बंधनकारक केले. पाळीव प्राण्यांसाठीही असेच एक सुबोध, मराठीतही उपलब्ध असलेले प्रमाणित विमापत्र का असू नये? मुंबईला परळचे जुने पशुरुग्णालय आहे, २०२४ पासून महालक्ष्मीचे नवे अद्ययावत रुग्णालयही आहे. जिल्ह्याच्या गावी मात्र सरकारी पशुसर्वचिकित्सालयांचा भर साहजिकच गाईगुरांवर असतो. तेथे लहान प्राण्यांच्या शस्त्रक्रियेची आणि क्ष-किरण तपासणीची रास्त दरात सोय झाली, तर ती कित्येक विमापत्रांहून अधिक उपकारक ठरेल.

कारण खर्च झेपेनासा झाला की कुत्र्याला दूरच्या रस्त्यावर सोडून येणारेही आहेत. सबळ कारणाविना प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पिल्लू घरी आणण्याच्या दिवशीच त्याच्या म्हातारपणाच्या खर्चाचा विचार व्हावा. विमा घ्यावा की ठेव करावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण दोन्हींची तयारी नसेल, तर पिल्लू न आणणे हेच अधिक भूतदयेचे.